सातबारा वर चढवताना

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बीड जिल्ह्यातल्या आपले सरकार सेवा केंद्रांत एक वाक्य सारखं कानावर येतं: "फाइल चढंना." आष्टी असो, केज असो की परळी. बाकावर सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन माणसं बसलेली असतात आणि केंद्रचालक पडद्यावरच्या गरगर फिरणाऱ्या गोलाकडे बघत असतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा राज्यभरातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. या कामाचे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये ठरलेले होते. म्हणजे अर्ज अडकला की शेतकऱ्याचा दिवस आणि चालकाचे पैसे, दोन्ही अडकले.

"सर्व्हर डाऊन आहे" हे अशा वेळचं ठरलेलं उत्तर. शेवटच्या दोन दिवसांत ते खरंही असतं. पण एरवी, निवांत दुपारीसुद्धा, पाच कागद एकदम चढवताना घोळ होतोच. त्याचं कारण सर्व्हरच्या तब्येतीत कमी आणि अपलोडच्या रचनेत जास्त सापडतं.

सुरुवातीच्या वेबपानांवर फक्त अक्षरं टाइप करून पाठवता येत. फाइल जोडायची सोयच नव्हती. ती सुचवली झेरॉक्स कंपनीतल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर या दोघांनी, नोव्हेंबर १९९५ मध्ये. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कागदाची नक्कल. त्याच नावाच्या कंपनीतून कागद वर चढवण्याची युक्ती निघावी, हा योगायोग गमतीचा आहे. दोघांनी सगळं नव्याने मांडलं नाही. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ईमेलला फाइल जोडण्याची जी पद्धत बसवली होती, तिचाच साचा त्यांनी उचलला. (बोरेनस्टाइन यांनी त्या पद्धतीने पाठवलेल्या पहिल्या मेलला त्यांच्या हौशी गायकमंडळींचा फोटो जोडला होता.) केजहून निघालेला सातबारा आजही बहुतेक वेळा याच साच्यातून जातो.

'सबमिट' दाबलं की ब्राउझर अर्जातली नावं, गट क्रमांक आणि सगळ्या फाइली एकाच लांबलचक संदेशात भरतो. एसटीच्या पार्सलात एकाच पोत्यात पाच गठुडी घालून तोंड शिवावं, तसा हा प्रकार. दोन फाइलींच्या मध्ये एक दुभाजक ओळ असते. क्रोम ब्राउझरमध्ये ती काही आडव्या रेघा, मग 'वेबकिट फॉर्म बाउंड्री' हे शब्द आणि पुढे सोळा अक्षरं-आकडे अशी दिसते. ही सोळा अक्षरं दर वेळी वेगळी, कारण नेमकी तीच ओळ एखाद्या फाइलच्या पोटात निघाली तर सर्व्हर भलत्याच जागी कापेल. दुभाजकाखाली रकान्याचं नाव, फाइलचं नाव, तिचा प्रकार, आणि मग खुद्द फाइल. सर्व्हर दुभाजक बघत बघत एकेक फाइल वेगळी काढतो.

फाइलच्या नावातही एक स्थानिक मजा आहे. ७/१२ हे नाव फाइलला देताच येत नाही. विंडोजमध्ये तिरकी रेघ चालत नाही. तिचा अर्थ फोल्डरची वाट असा होतो. म्हणून केंद्रांमधल्या संगणकांवर ७१२, ७-१२, सातबारा-नवा, सातबारा-फायनल अशी फाइलींची वंशावळ वाढत जाते, आणि गर्दीत एकाचा सातबारा दुसऱ्याच्या अर्जाला जोडला जाण्याची सोय होते.

एकाच रकान्यात अनेक फाइली निवडण्याची कल्पना १९९५ च्या मूळ आराखड्यातच होती. ब्राउझरांनी मात्र ती अंगाला लावून घ्यायला पंधरा वर्षं घेतली. फायरफॉक्समध्ये ती २०१० मध्ये आली, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २०१२ मध्ये. मधल्या काळात वेबसाइटवाल्यांनी ब्राउझरला जोडायच्या फ्लॅश या प्रोग्रामचा आधार घेऊन काम भागवलं. ते फ्लॅश २०२० च्या अखेरीस कायमचं बंद झालं. आता कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि पाहिजे त्या फाइलींवर टिचकी मारायची, एवढं सोपं आहे. निदान दिसायला.

कारण पलीकडच्या बाजूलाही तशी तयारी लागते. असंख्य वेबसाइट पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आहेत. तिथे रकान्याच्या नावापुढे रिकामा चौकोनी कंस टाकायचा प्रोग्रामर विसरला, तर पाच फाइली निवडल्या तरी शेवटची एकच हाती लागते. बाकीच्या चार सर्व्हरपर्यंत जातात आणि तिथेच हरवतात. पडद्यावर चूक म्हणून काही दिसत नाही. याच पीएचपीत आयत्या मर्यादाही आहेत: एक फाइल २ एमबीची, सगळा संदेश मिळून ८ एमबीचा, आणि एका वेळी फाइली २०. ही विसाची अट २००९ च्या अखेरीस आली, कारण कोणी खोडसाळपणे एकाच संदेशात हजारो फाइली कोंबून सर्व्हर झोपवू शकत होतं. या मर्यादा वाढवता येतात. पण वाढवणारा माणूस पोर्टलच्या मालकीच्या बाजूला बसलेला असतो, केजच्या खुर्चीत नाही.

मर्यादा खालूनही असते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या २०२१ च्या अर्जात सहीची फाइल ४ ते ३० केबीच्या आत बसवायची होती. मोबाइलने काढलेला सहीचा फोटो सहज ३ एमबीचा, म्हणजे शंभरपट. तो बारीक करताना तीनच केबीचा झाला, तरी परत. 'साइज कमी करून मिळेल' ही पाटी त्यातूनच आली आणि तो एक वेगळा पोटधंदा झाला.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र पुढच्या गोष्टीचा. कॅप्चाचं एक अक्षर चुकलं, पान पुन्हा उघडलं, आणि नाव-गाव जागेवर असताना निवडलेल्या फाइली तेवढ्या गायब. याला कारण सुरक्षेचा एक शहाणा नियम आहे. संगणकातली फाइल कोणती उचलायची हे माणसाच्या हातानेच ठरलं पाहिजे. वेबसाइटला फाइलचा रकाना स्वतःहून भरता येत नाही. नाहीतर कुठलंही पान आपल्या नकळत आपलं पासबुक उचलून नेईल. फाइल कुठल्या फोल्डरात आहे हेही ब्राउझर वेबसाइटला सांगत नाही. जुन्या साइट पत्त्याशिवाय अडतात म्हणून तो त्यांना 'सी ड्राइव्ह, फेकपाथ' असा चक्क खोटा पत्ता देतो. नियम योग्यच आहे. चूक आहे ती आधी कॅप्चा न तपासता पाचही फाइली मागवून घेणाऱ्या पोर्टलची.

आता नेटवर्क. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या गावात मोबाइलवर व्हिडिओ बरा चालतो, तरी फाइल वर जात नाही, याचं नवल वाटायला नको. मोबाइलच्या लहरींत खाली येणाऱ्या माहितीला जास्त वाटा आणि वर जाणाऱ्या माहितीला कमी, अशी वाटणीच असते, कारण बहुतेक लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. ४ एमबीचे पाच फोटो म्हणजे २० एमबी, अर्थात १६० मेगाबिट. वर जायचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर पावणेतीन मिनिटं. दोन मिनिटांनी रेंज गेली तर पोतं अर्ध्या वाटेवरून परत आणि पहिल्या गठुड्यापासून पुन्हा सुरुवात.

यावरचे उपाय काही नवे नाहीत. प्रत्येक फाइल निवडताक्षणी स्वतंत्र पाठवावी, म्हणजे एक अडकली तरी चार पोचतात. फोटो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच बारीक करता येतो. गावातल्या माणसाला केबीचं गणित शिकवायची गरज नाही. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांत पाठवून, तुटली तिथून पुढे चालू करण्याची 'टस' नावाची खुली पद्धत २०१३ पासून आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी ॲपने निदान एवढं ओळखलं की शेतात रेंज नसते: पिकाचा फोटो फोनमध्ये राहतो आणि रेंजमध्ये आल्यावर वर जातो. ते ॲप आहे, वेबपान नव्हे. पण हे शहाणपण वेबपानालाही परवडण्यासारखं आहे.

उलट बाजूचा अनुभव सरकारी कचेऱ्यांनी २०२३ मध्ये घेतला. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरं उघडली गेली. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे कागद मोडीतले आणि उर्दूतलेही. त्यांचं भाषांतर करून ते डिजिटल स्वरूपात लोकांसमोर ठेवावेत, असं ३१ ऑक्टोबर २०२३ च्या शासन निर्णयाने ठरलं. ए-फोर आकाराचं एक पान इंचाला २०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केलं तर सुमारे ३९ लाख ठिपके होतात, आणि जीर्ण कागदावरची फिकी शाई वाचता यायची तर ते फार बारीक करून चालत नाही. अशी पानं गठ्ठ्याने वेबसाइटवर चढवायची तर एकदम शंभर निवडून भागत नाही. रांग लावावी लागते, आणि कुठलं पान गेलं, कुठलं राहिलं, याची नोंद ठेवावी लागते.

सातबाऱ्याची गोष्ट त्याहून विचित्र. तो मुळात सरकारच्याच सर्व्हरवर आहे. शेतकरी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा उतरवून घेतो, छापतो, त्याचा फोटो काढतो, बारीक करतो आणि सरकारच्याच दुसऱ्या पोर्टलवर चढवतो. ॲग्रिस्टॅक या सरकारी नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक २०२५ च्या खरिपात विम्यासाठी सक्तीचा झाला. त्यात आधार आणि जमिनीची नोंद एकमेकांना जोडलेली असते, तेव्हा ही सातबाऱ्याची प्रदक्षिणा तरी थांबायला हरकत नाही. जमीन सामायिक खात्यावर असेल तर लागणाऱ्या संमतीपत्राचं मात्र तसं नाही. भावाभावांच्या सह्या कागदावरच होतात, आणि तो कागद फोटो काढूनच चढवावा लागतो.