आटलेला धबधबा बघायला चला



गटाच्या बैठकीत एका सुनेनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. काश्मीरमध्ये टंगमर्गजवळ द्रंग नावाचं ठिकाण आहे. तिथला धबधबा थंडीत जागच्या जागी गोठतो. कड्यावरून बर्फाचे सुळके लोंबताना दिसत होते. आमच्यातल्या आक्कांनी विचारलं, "मग आपल्या रामलिंगचा का गं गोठत न्हाई?" सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच नीट देता येईना. तेव्हा ठरलं, वेळ अमावस्येची गडबड संपली की जाऊनच बघायचं.

गोठण्याचं उत्तर सोपं आहे. पाणी गोठायला शून्य अंशाची थंडी लागते आणि वाहत्या पाण्यासाठी ती बरेच दिवस टिकावी लागते. सोलापुरात पारा १० अंशांच्या खाली क्वचितच जातो. म्हणून आपल्याकडचे धबधबे गोठत नाहीत, आटतात.

रामलिंग आपल्या जिल्ह्याला लागून, धाराशिव जिल्ह्यात आहे. बार्शीहून पांगरीमार्गे येडशीला जायचं. बालाघाटच्या डोंगरातलं हे जंगल १९९७ साली अभयारण्य झालं, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. महादेवाचं देऊळ दरीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं.

निघण्याआधी दोन अडचणी आल्या. पहिली पैशाची. आम्ही गटाच्या बचतीतला एक रुपयाही घेतला नाही. जीपच्या भाड्याचा वाटा प्रत्येकीनं स्वतः दिला, आणि तसं वहीत लिहून ठेवलं. दुसरी अडचण घरची. एका वहिनींना घरून विचारलं, "जंगलात काय काम आहे?" सरपण आणायला गेलं तर कुणी विचारत नाही, देवाला गेलं तरी विचारत नाही. शेवटी त्या देवदर्शन सांगून आल्या. दर्शन आम्ही घेतलंच, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण ही गोष्ट आम्हाला दिवसभर टोचत राहिली.

दर्शन घेऊन आम्ही वनरक्षकांना विचारलं आणि मोकळ्या असलेल्या वाटेनंच चाललो. वाट खडकाळ, वर वाळलेलं गवत. कुसळं साडीला चिकटत होती. पळस, सीताफळ, बोर, खैर अशी ओळखीचीच झाडं. बऱ्याच झाडांची पानं गळत होती. पानांतून सारखी वाफ उडत असते. जमिनीतलं पाणी कमी झालं की झाड पानं टाकतं आणि उरलेलं पाणी राखतं. आपणही चणचणीत आधी खर्चच कमी करतो ना, तसंच.

मग कड्यासमोर पोचलो. पावसाळ्यात इथं आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. आता नुसता काळा दगड आणि कडेनं ओल. पण धबधबा आटलेला असल्यामुळेच दगडाचे थर स्पष्ट दिसले. आपला सगळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एकावर एक थर साचले. काही थर कठीण काळ्या पाषाणाचे, काही मऊ. विहीर खोदणारे त्या मऊ, भोकाभोकांच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात. पाण्यानं खालचा मऊ थर लवकर झिजतो, वरचा कठीण थर पुढे राहतो आणि तिथून पाणी कोसळतं. असा धबधबा तयार होतो.

आक्का जवळ जाऊन म्हणाल्या, "आमच्या हिरीत बी असाच पट्टा हाय, तिथनंच पाणी पाझरतं." त्यांचं बरोबर होतं. पावसाळ्यात जंगलातला पालापाचोळा पाणी अडवतो, ते हळूहळू जमिनीत मुरतं, दगडाच्या भेगांतून उतरतं आणि दोन थरांच्या सांध्याला पाझरतं. कड्याची ओल आणि विहिरीतला झरा, दोन्ही याच रीतीनं येतात. माथा उघडा असेल, तर पाऊस मातीसकट वाहून जातो आणि विहीर लवकर तळ गाठते. आपण बांधावरचा पाला पेटवतो, तेव्हा हे आठवावं.

तुमच्या गटाला जायचं असेल, तर आमच्या अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो.

चपला नकोत, मागून बंद असलेले बूट घाला. सुक्या मुरमावर चप्पल घसरते. साडी असेल तर वर खोचून घ्या.

सगळ्यात सावकाश चालणारीला पुढे ठेवा. आमच्यात गुडघेदुखीच्या काकू पुढे होत्या, म्हणून कुणीच मागे राहिलं नाही.

प्रत्येकीनं दोन लिटर पाणी घ्या. वाटेत लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही आपली जुनी खोड आहे. त्यानं चक्कर येते. दोघी दोघी मिळून जा, लाज धरू नका. पाळी असेल तर वापरलेले पॅड कागदात गुंडाळून परत आणा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसभर टिकते. पिशवी झाकून ठेवा, माकडं फार आहेत. हुरड्याचे दिवस असले तरी जंगलात आगटी पेटवायची नाही. वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं.

दुपारी तीनला परत फिरा. डोंगरात अंधार लवकर पडतो. जाताना घरी वाट आणि वेळ सांगून जा. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर लागतात, पण दरीत रेंज जाते.

परतीच्या वाटेवर त्या वहिनी जीपमध्ये म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी देवाचं नाव सांगणार नाही. फिरायला जाते असंच सांगणार." घरी पोचल्यावर त्यांनी सासूबाईंना विहिरीतल्या मांजऱ्याची गोष्ट सांगितली. आता सासूबाई विचारतात, पुन्हा कधी निघायचं? संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी सासवांनाही घेऊन. तुमच्या गटानंही पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.