राखाडी मांजर म्हणजे 'ब्रिटिश' नव्हे! आखूड केसांच्या जाती ओळखायच्या कशा?

बेळगाव : टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या घरी गेल्या वर्षी 'ब्रिटिश शॉर्टहेअर' म्हणून राखाडी पिल्लू आलं. किंमत १८ हजार. मोबाईलवर फोटो बघून सौदा, कागद काहीच नाही. आज तो बोका सडपातळ, लांब शेपटीचा, निमुळत्या तोंडाचा झालाय. म्हणजे आपल्या गल्लीतलाच की!

फसगत रंगामुळे झाली. राखाडी, ज्याला मांजरवाले 'निळा' म्हणतात, तो रंग कुठल्याही मांजरात येऊ शकतो. काळा रंग फिका करणारा एक जनुक आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लू राखाडी होतं. पिल्लांचे डोळेही सुरुवातीला निळेच असतात, खरा रंग दीड-दोन महिन्यांनंतर दिसू लागतो. त्यामुळे महिन्याभराच्या पिल्लाचे रंग-डोळे बघून जात सांगणारा माणूस एक तर अंदाज करतोय, नाहीतर माल खपवतोय.

अस्सल ब्रिटिश शॉर्टहेअर अंगाने ठेंगणं आणि भरलेलं. छाती रुंद, पाय जाड नि आखूड, गाल फुगलेले, शेपूट जाड आणि टोकाला गोलसर. केस आखूड पण इतके दाट की हात फिरवला तर मखमलीवर फिरवल्यासारखं वाटतं. निळ्या रंगाच्या मांजराचे डोळे तांब्याच्या रंगाचे. पूर्ण वाढ व्हायला तीनेक वर्षं लागतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून या जातीचा बोलबाला. स्वभाव शांत. शेजारी येऊन बसेल, पण मांडीवर घेतलेलं फारसं खपवून घेणार नाही.

अमेरिकन शॉर्टहेअरचे पूर्वज जहाजांवरचे उंदीर मारायला गेलेले. रुपेरी अंगावर काळे पट्टे हा त्याचा प्रसिद्ध वाण.

सयामी मात्र वेगळंच प्रकरण. मूळ थायलंडचं. अंग सडसडीत, तोंड त्रिकोणी, डोळे गडद निळे आणि आवाज असा की शेजारी विचारतात, बाळ रडतंय काय? पिल्लं जन्मतः पांढरट असतात. मग कान, नाक, पाय आणि शेपूट काळपट होत जातात. कारण या मांजरात रंग तयार करणारं द्रव्य उबेत नीट काम करत नाही, शरीराच्या थंड भागांतच करतं. आईच्या पोटात ऊब सगळीकडे सारखी, म्हणून तिथे रंगच धरत नाही. ऑपरेशनसाठी पोटावरचे केस काढले तर तिथले नवे केस कधीकधी गडद येतात, ते याचमुळे. मालकाने घाबरायचं कारण नाही.

दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड सध्या रील्समध्ये फार दिसतं. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतावर सुझी नावाची पांढरी मांजरी सापडली, तिच्यापासून ही जात निघाली. ते कान गोजिरे दिसतात, पण मुळात तो कूर्चेचा दोष आहे. तोच जनुक पायांच्या आणि शेपटीच्या सांध्यांतही बिघाड करतो. काही मांजरं तरुणपणीच लंगडतात, उडी मारायचं टाळतात. नेदरलँड्समध्ये या जातीच्या पैदाशीला बंदी आहे. पैसे मोजून दुखणं घरी आणण्यासारखं हे, असं माझं स्पष्ट मत.

आता आपली गावठी मांजरं. तीही आखूड केसांचीच. लांब पाय, मोठे कान, हलकं अंग, म्हणजे उन्हाळ्याला सोयीचं. कपाळावर इंग्रजी 'एम'सारखी खूण असलेली पट्टेरी तर घरोघरी. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण तांबूस रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. तांबूस आणि काळा दोन्ही दिसायचे तर दोन एक्स लागतात. तांबडी मांजरं बहुतेक बोके असतात, त्याचं कारणही हेच.

जातिवंत पिल्लूच हवं असेल तर आई-बाप प्रत्यक्ष बघा, नोंदणीचा वंशावळ कागद मागा, बारा आठवड्यांच्या आधीचं पिल्लू घेऊ नका. व्यवहार कॉमर्सवाल्याच्या नजरेने करा : पावतीवर जात लिहून द्यायला विक्रेता कां-कूं करत असेल तर उठून या. रेबीजची लस मात्र गावठी असो वा विलायती, सगळ्यांना लागतेच.

टिळकवाडीचा तो बोका परवा पाहिला. मस्त आहे. घरातल्या आजी त्याला 'अठरा हजारी' म्हणून हाक मारतात आणि तो येतोही.