अंगाची आठवण

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, आमच्या या सीमेवरच्या कुठल्याही गावात दवाखान्यात तासभर बसलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : "डॉक्टर, सलाईन लावा, अंगात ताकदच राहिली नाही." त्या बाटलीत बहुतेक वेळा शेकडा ०.९ मीठ घातलेलं शुद्ध पाणी असतं. जुलाबांनी सुकलेल्या माणसाचा त्यानं जीव वाचतो. पण विषाणूशी लढायला त्यातला थेंबही कामाचा नाही. रोगप्रतिकारशक्ती या शब्दातच 'शक्ती' बसली आहे, म्हणून ती खाऊन-पिऊन, टोचून वाढवता येते असं वाटत राहतं. शरीराचं खरं काम मात्र ओळखण्याचं आहे.

पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत अवधाण येतं. अवधाण म्हणजे रोग पसरला, असं समजून घरचे घाबरतात. प्रत्यक्षात तिथे काम जोरात चाललेलं असतं. जंतू कातडीतून आत आला की पहाऱ्यावरच्या पेशी त्याला गाठतात. त्यांना त्याचं नावगाव कळत नाही. त्याच्या अंगावरची ठेवण आपल्यातली नाही, एवढंच कळतं. त्यातल्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लिंफ गाठीत जातात. तिथे लाखो लिंफ पेशी असतात आणि जवळपास प्रत्येकीची पकड वेगळी. हे वैविध्य जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून तयार होतं. प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूला पकडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या, बाबतीत ही गोष्ट सुसुमु तोनेगावा यांनी उलगडली आणि त्यासाठी त्यांना १९८७चं नोबेल मिळालं. ज्या पेशीची पकड त्या तुकड्यावर बसते, तीच वाढू लागते. एकीच्या हजारो होतात, म्हणून गाठ सुजते. पहिल्या भेटीत याला आठवडा-दोन आठवडे लागतात. नंतर काही पेशी आठवण ठेवून मागे राहतात आणि पुढच्या वेळी तेच काम थोड्या दिवसांत उरकतं.

१० मार्च २०२० रोजी कलबुर्गीचे ७६ वर्षांचे एक गृहस्थ वारले. दोन दिवसांनी अहवाल आला आणि देशातला कोरोनाचा पहिला नोंदलेला मृत्यू आमच्या भागाच्या नावावर लागला. तेव्हा जिल्ह्यात कुणाच्याच अंगाला या विषाणूची आठवण नव्हती. तालमीतल्या पैलवानालाही नव्हती. म्हातारपणी तर नव्याला ओळखणाऱ्या ताज्या टी-पेशीच (लिंफ पेशींचाच एक प्रकार) कमी उरतात, कारण त्या जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते.

मग घरोघरी काढे उकळू लागले. गरम काढ्यानं घशाला बरं वाटतं, हे खरं. पण 'जितकी प्रतिकारशक्ती जास्त तितकं चांगलं' हे खरं नाही. अनेक रुग्णांची फुप्फुसं शरीराच्याच भडकलेल्या प्रतिकारानं बिघडली. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. हे औषध प्रतिकार वाढवत नाही, दाबतं. दमा आणि संधिवाताचे काही प्रकारही अनाठायी प्रतिकारातूनच येतात. या प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी २०२५चं नोबेल दिलं गेलं.

तापाबद्दल थोडंच सांगतो. ताप जंतू चढवत नाही; पेशींनी पाठवलेल्या निरोपावरून मेंदू चढवतो. लस घेतल्यावर दिवसभर अंग तापलं, तर ती लस अंगाच्या ध्यानात येत असल्याची खूण असू शकते.

सर्वांत घातक समज मला गोवराबद्दलचा वाटतो. "येऊन गेला की बरं, अंगातली उष्णता निघते, पोर खणखणीत होतं." यात अर्धं सत्य आहे. गोवर बहुधा पुन्हा होत नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१नंतर गोवर नव्हता; तो १८४६मध्ये परतला तेव्हा जवळजवळ आठ हजारांच्या वस्तीत सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांना गोवर होऊन गेला होता ते म्हातारे मात्र वाचले, असं पीटर पानुम या तरुण डॉक्टरनं नोंदवलं.

उरलेलं अर्धं भयंकर आहे. गोवराचा विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशींमध्येच घुसतो. लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासलं गेलं, त्याचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. इतर रोगांविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. पोरानं आधीच्या आजारांतून जे कमावलं, ते गोवरानं पुसून टाकलं. लसीतला दुबळा केलेला विषाणू गोवराची ओळख करून देतो, पण ही पुसापुशी करत नाही.

गोवर-रुबेलाची देशव्यापी मोहीम फेब्रुवारी २०१७मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत कर्नाटक होतं. सीमेपलीकडे उदगीर-देगलूरच्या पोरांची पाळी नोव्हेंबर २०१८मध्ये आली. आता लस नेहमीच्या वेळापत्रकातच आहे : पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पहिल्या डोसनंतर काही मुलांची ओळख पक्की होत नाही, त्यांच्यासाठीच दुसरा असतो. मूल धडधाकट दिसतंय म्हणून, किंवा ऊसतोडीला जायचंय म्हणून, तो चुकवू नका. जिथे मुक्काम असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात लसीकरणाचं कार्ड दाखवलं की लस मिळते.

लसीनं दिलेली आठवण किती टिकते? आमच्या गावांतल्या आजीबाईंच्या दंडावर देवी टोचल्याचे वण अजून दिसतात. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५मध्ये सापडला. देवीची लस घेऊन पन्नास वर्षं झालेल्यांच्या रक्तातही देवी ओळखणाऱ्या पेशी मिळाल्या आहेत.