टायरची कड वाचताना
न्यू जर्सीत बर्फ पडतो, पण मिनेसोटासारखा महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत नाही. म्हणून माझ्या तीनशेहून जास्त हॉर्सपॉवरच्या सेडानला मी ऑल-सीझन टायर घालतो. समर टायरचं रबर पारा ७ अंशांखाली गेला की कडक होऊ लागतं. मग इंजिनात कितीही दम असो, चाकं जागच्या जागी फिरतात.

दुकानात आधी जुन्या टायरची कड वाचावी. माझ्या टायरवर २२५/४५ आर १८, ९५ वाय असं आहे. रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १८ इंची. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो भार, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. विक्रेता हमखास ‘एच’चा स्वस्त टायर पुढे करतो, त्याची मर्यादा २१०. तेवढ्या वेगाने इथे कोण जातंय, हे खरंच! पण वरच्या श्रेणीचा टायर सहसा वळणावर जास्त ताठ राहतो, आणि मी पैसे मोजतो ते त्यासाठी.

कडेवरच्या ट्रेडवेअरच्या, म्हणजे झीज सोसण्याच्या, आकड्याला मी फारसा भाव देत नाही. तो कंपनी स्वतःच ठरवते. ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरंही फक्त खाचांच्या रचनेवरून मिळतात. बर्फावरची चाचणी पार केलेल्या टायरवर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असतं.

मग कडेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते: ३५२४ म्हणजे २०२४चा पस्तिसावा आठवडा. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला माल सवलतीत दिला, तर मी सरळ ‘दुसरा दाखवा’ म्हणतो.