मुरुडची हवा, मिरामारची शर्यत

सायकलच्या टायरमधली हवा ‘पाउंडा’त मोजतात. पंक्चरच्या दुकानात ‘किती पाउंड टाकू?’ असे विचारले जाते, तेव्हा दर चौरस इंचावर किती पाउंडांचा दाब हवा, हे विचारलेले असते. पंपाच्या काट्यावर तोच आकडा पीएसआय म्हणून छापलेला असतो. हा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा टायरमध्ये दाब किती जास्त आहे, एवढेच सांगतो. म्हणूनच गाव बदलले, ऊन चढले की हवा न भरता, न सोडताही तो बदलतो.

पोहणे, सायकल आणि धावणे अशा तीन टप्प्यांच्या ट्रायथलॉनमध्ये या आकड्याला फार महत्त्व येते. गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत पहिल्यांदा झाली. तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज ७०.३. यात सर्वाधिक वेळ सायकलवर जातो. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये सराव करून तिथे उतरणाऱ्याने टायरची हवा मुरुडच्या हिशेबाने ठेवून चालत नाही.

टायर जितका टणक तितकी सायकल वेगवान, ही समजूत जुनी आहे आणि ती गुळगुळीत फरशीवरच खरी ठरते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले आणि ते दोन्ही चाकांवर सारखे पडले, तर ८० पाउंड हवेच्या प्रत्येक टायरचा सुमारे साडेसात चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. अंगठ्याच्या ठशाहून थोडी मोठी अशी ही जागा. हवा कमी असेल तर ही जागा पसरते, रबर जास्त दुमडते आणि पायांची शक्ती उष्णतेत वाया जाते. हवा फार जास्त असेल तर टायर खडीवर दबतच नाही. प्रत्येक खड्याबरोबर सायकल आणि स्वार दोघेही वर उचलले जातात. ती शक्तीही वायाच जाते, शिवाय हात-पाठ शिणते आणि पुढे २१ किलोमीटर धावायचे असते. ऊसगाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या मराठवाड्यातल्या रस्त्यावर पाच-सात पाउंड कमी हवा जास्त वेगाची ठरते. रस्ता ओला असेल तरीही थोडी हवा कमी ठेवणे हिताचे.

टायरची रुंदी वाढली की दाब उतरवावा लागतो. ७० किलो वजनाच्या स्वाराने २५ मिलिमीटरच्या टायरला ८० ते ८५ पाउंडांपासून आणि २८ मिलिमीटरच्या टायरला ७० च्या आसपास सुरुवात करून आपला आकडा सरावातच ठरवावा. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा अशी ती सूचना नव्हे. रिमला आतून टायर पकडणारी कडा नसेल, तर ५ बार म्हणजे सुमारे ७२ पाउंडांच्या वर जाऊच नये. टायर रिमवरून निसटू शकतो.

आता उन्हाचा हिशेब. तापमान १० अंशांनी वाढले की ८० पाउंडांच्या टायरमध्ये सुमारे तीन पाउंड वाढतात. पहाटे २५ अंशांत भरलेला टायर उन्हात उभ्या सायकलीवर ५० अंशांपर्यंत तापला, तर काटा ८८ च्या जवळ जातो. उंचीचा परिणाम त्यामानाने किरकोळ आहे. लातूरच्या पठाराची सुमारे ६०० मीटर उंची सोडून समुद्रकाठी उतरले की बाहेरची हवा जड होते आणि काटा जेमतेम एक पाउंड खाली येतो. खरी भीती बंद मोटारीची: दुपारी तिच्यात ठेवलेल्या सायकलीची हवा प्रवासापूर्वीच थोडी सोडून द्यावी.

सायकल आदल्या दिवशीच शर्यतीच्या तळावर लावावी लागते आणि तिथे ती दुपारभर उन्हात राहते. त्या दिवशी पूर्ण हवा भरणे हीच मोठी चूक. रात्रभरात ट्यूबमधून थोडी हवा निसटतेच, पातळ लॅटेक्सच्या ट्यूबमधून तर बरीच. शर्यतीच्या पहाटे, पोहायला जाण्यापूर्वी, दोन्ही चाके नव्याने भरावीत. त्या वेळी दिवस चढल्यावर वाढणारे दोन-तीन पाउंड आधीच वजा धरावेत. दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात. म्हणून सरावात वापरलेला पंपच सोबत न्यावा, उसना घेऊ नये. शर्यतीच्या सायकलींना बहुधा बारीक प्रेस्टा वाल्व असतो. त्याला गावच्या दुकानातले मशीन थेट बसत नाही, छोटी पितळी टोपी लावावी लागते. हवा भरल्यावर वाल्वच्या टोकावरची बारीक चकती घट्ट करायला विसरू नये. चाक हळूच फिरवून टायरची कड सगळीकडे सारखी बसली आहे का, कुठे काच किंवा काटा रुतला आहे का, हेही पाहावे.

काट्याचे मुरुडकरांना वेगळे सांगायला नको. कुंपणासाठी नेलेल्या बाभळीच्या फांद्यांचे काटे रस्त्यावर पडतात. कितीही अचूक हवा त्यांच्यापुढे टिकत नाही. टायरमध्ये रुतलेले टोक ट्यूब बदलण्यापूर्वी बोटाने चाचपून काढले नाही, तर नवी ट्यूबही मिनिटभरात बसते. शर्यतीत हातपंपापेक्षा कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची नळी सोयीची, कारण ती काही सेकंदांत टायर टणक करते. वायू सुटताना नळी बर्फासारखी गार पडते, म्हणून ती उघड्या हाताने धरू नये. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. तो शर्यत संपेपर्यंत पुरतो. परतल्यावर मात्र सोडून देऊन टायरमध्ये पुन्हा साधी हवा भरावी.