इंजिनाच्या धुराला मोकळी वाट हवी

पाटाच्या तोंडाशी कितीही पाणी सोडले, तरी शेवटाकडील चारी गाळाने भरलेली असेल तर पाणी पुढे सरत नाही. ते मागे तुंबते. वाहत्या पदार्थाच्या वाटेत अडथळा आला म्हणजे मागील बाजूस जो दाब वाढतो, त्यास प्रतिदाब किंवा साध्या भाषेत उलटा दाब म्हणतात. ऑइल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरालाही हाच नियम लागू आहे. पाण्याचा तुंबारा डोळ्यांना दिसतो, धुराचा दिसत नाही. म्हणून तिकडे दुर्लक्ष होते आणि त्याची किंमत शेतकऱ्यास डिझेलच्या रूपाने द्यावी लागते.

इंजिनात काय घडते?

चार धावांच्या इंजिनात दट्ट्या पहिल्या धावेत हवा आत घेतो, दुसऱ्या धावेत ती दाबतो, तिसऱ्या धावेत डिझेल जळून शक्ती मिळते आणि चौथ्या धावेत जळालेला वायू बाहेर ढकलला जातो. ८० मिलिमीटर व्यासाचे व ११० मिलिमीटर धावेचे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटास १,५०० फेरे करीत असेल, तर ते मिनिटास ७५० वेळा हवा घेते व तितक्याच वेळा धूर सोडते. या हिशेबाने मिनिटास साडेतीनशे ते चारशे लिटर हवा आत जाते. पूर्ण भारावर चालताना धूर अतिशय तप्त असल्यामुळे बाहेर पडताना त्याचे आकारमान दुपटीहून अधिक होते. एवढा वायू अरुंद नळीतून काढावयाचा म्हणजे दट्ट्यास जोर लावावा लागतो. हा जोर पंपाच्या वाट्याचाच असतो.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. सर्व धूर बाहेर न पडल्यामुळे काही भाग सिलिंडरमध्येच उरतो व तेवढी ताजी हवा कमी येते. हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही, काळा धूर येतो, झडपा अधिक तापतात आणि काजळी साचते. ही काजळी वाट आणखी अरुंद करते. अशा रीतीने एका दोषातून दुसरा दोष वाढत जातो.

नळीच्या व्यासाचे महत्त्व

नळीची लांबी दुप्पट केली तर अडथळा सुमारे दुप्पट होतो. व्यासाचा परिणाम मात्र फार मोठा आहे. तेवढाच धूर जात असता दीड इंची नळीऐवजी दोन इंची नळी घातल्यास अडथळा सुमारे एक चतुर्थांश होतो. उलट व्यास निम्मा केला तर अडथळा सुमारे ३२ पट होतो. प्रत्येक काटकोनी एल्बोही सरळ नळीची लांबी वाढविल्यासारखाच असतो. दोन इंची नळीवरील एक एल्बो सुमारे पाच फूट नळीइतका अडथळा करतो. सबब ३० फूट नळीवर तीन एल्बो बसविले, तर इंजिनास ती ४५ फुटांची वाटते.

विहिरीतील इंजिन

पंप फार उंचीवरून पाणी ओढू शकत नाही. व्यवहारात ही मर्यादा सुमारे २० ते २२ फूट धरतात. म्हणून पाणी खोल गेले की इंजिन व पंप विहिरीतील टप्प्यावर उतरविण्याची पद्धत पडली. अशा वेळी धूर नळीने विहिरीबाहेर काढणे आवश्यक असते, आणि घरात पडून असलेली अरुंद नळी जोडण्याचा मोह येथेच होतो. इंजिन ओढत नाही म्हणून तीच नळी पुढे कोणी काढून टाकतो. ही चूक प्राणघातक ठरू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग किंवा वास नसतो. विहिरीत धूर कोंडला म्हणजे प्राणवायूही कमी होतो आणि माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. त्यास काढण्यासाठी मागोमाग उतरणाराही त्याच संकटात सापडतो. म्हणून नळी काढू नये, ती रुंद करावी.

एक गैरसमज

‘इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच’ असे काही वेळा सांगितले जाते. हे खरे नाही. उलट्या दाबाने पंपाच्या इंजिनाची शक्ती वाढत नाही. मात्र याचा अर्थ सायलेन्सर काढून टाकावा असा नव्हे. तो आवाज कमी करतो व ठिणग्यांना बऱ्याच अंशी आवर घालतो. जवळ कडब्याची गंजी असता ठिणगी महाग पडते. सायलेन्सर असावा, पण स्वच्छ असावा.

दोष कसा ओळखावा?

काळा धूर हा एअर क्लिनर तुंबल्याने, नोझल बिघडल्याने किंवा भार जास्त झाल्यानेही येतो. प्रथम एअर क्लिनर स्वच्छ करून पाहावा. नंतर, इंजिन उघड्यावर असेल तरच, ते थंड असताना सायलेन्सर व जोडनळी काढावी आणि नेहमीच्या भारावर थोडा वेळ चालवावे. धूर निवळला व फेरे सुधारले, तर दोष धुराच्या वाटेत आहे असे समजावे. ही परीक्षा विहिरीत कधीही करू नये.

काय करावे?

१. वाढविलेली नळी इंजिनाच्या धुराच्या तोंडापेक्षा निदान एक आकार मोठी घ्यावी. तोंडापेक्षा अरुंद कधीही घेऊ नये.
२. नळी शक्य तितकी आखूड व सरळ ठेवावी. वळण अटळ असेल तर काटकोनी एल्बोऐवजी लांब बाक द्यावा.
३. नळीचा भार इंजिनावर टाकू नये. तिला भिंतीचा आधार द्यावा. छपराच्या गवतास किंवा लाकडास ती लागू देऊ नये.
४. हंगामापूर्वी सायलेन्सर काढून, लाकडी हातोड्याने ठोकून काजळी झाडावी. नळीत पावसाचे पाणी जाणार नाही असे तोंड ठेवावे.
५. विहिरीत उतरण्यापूर्वी इंजिन बंद करून हवा खेळू द्यावी. एकट्याने उतरू नये. कमरेस दोर बांधावा व वर माणसे असावीत. कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे तसेच उतरू नये. तात्काळ मदत बोलवावी.

जेथे विजेचा किंवा सौर ऊर्जेवरील पाणबुडी पंप बसविणे शक्य आहे, तेथे इंजिन विहिरीत उतरविण्याचे कारणच उरत नाही. जेथे ते अद्याप चालते, तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहिरीस भेट देताना पंपाबरोबर धुराच्या नळीचीही पाहणी करावी. रुंद नळीचा खर्च एकदाच होतो. अरुंद नळीचा खर्च इंजिन चालेल तितके दिवस होत राहतो.