चिंधी तिथे संधी!

सुरुवात बाप्पापासून. पुण्याच्या सारसबागेतला तळ्यातला गणपती थंडीत काय घालतो, माहीत आहे का? स्वेटर! वर कानटोपी!

१७८४ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात स्थापन झालेला हा बाप्पा आजही कडाका वाढला की लोकरीत गुरफटतो आणि पुणेकर रांग लावून मोबाइलवर फोटो काढतात. सुपाएवढे कान झाकणारी टोपी विणायची म्हणजे चेष्टा नाही हं. माप घेणाऱ्याला आमचा दंडवत.

बाप्पाला स्वेटर, मग हत्तीला का नको? मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएसच्या केंद्रात सर्कशीतून आणि रस्त्यावरच्या हालअपेष्टांतून सोडवलेले हत्ती राहतात. तिथल्या आसपासच्या बायकांनी सुया परजून या हत्तींसाठी चक्क जम्बो स्वेटर विणले. रंगही कसले? गुलाबी, पिवळा, निळा! हत्तीला काळ्या रंगात स्लिम दिसायची हौस नसावी.

आणि पेंग्विन? ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडवर तेलगळतीत सापडलेल्या छोट्या पेंग्विनना खरोखरच विणलेले स्वेटर घालतात. फॅशन म्हणून नाही. पिसांवर तेल बसलं की पक्षी चोचीने ते साफ करतो आणि तेल पोटात जातं. स्वेटर असला की चोच तिथवर पोचत नाही. अल्फ्रेड डेट नावाचे आजोबाही असे स्वेटर विणायचे. वय? फक्त १०९!

आता गाडी मुंबई-आग्रा रोडने आपल्या नाशिक जिल्ह्यात आणू. स्टॉप : मालेगाव. मोसम नदी ओलांडा, गल्लीत शिरा, कान टवकारा. खट-खट-खट-खट. हे मालेगावचं बॅकग्राउंड म्युझिक. नॉनस्टॉप. सुट्टी शुक्रवारी!

एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून आलेल्या मोमिन विणकरांनी इथे हातमाग मांडले, लुगडी विणली. विसाव्या शतकात मागाला वीज जोडली गेली आणि गावाचा आवाजच बदलला. पण खरी गंमत पुढे आहे. या गल्ल्यांत वर्षानुवर्षं फिरणारे कित्येक यंत्रमाग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले! गिरणीने रिटायर केलं, मालेगावने पुन्हा ड्यूटीवर घेतलं. एक माग बंद पडला की त्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पोटात, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. इन्स्टाग्रामवर जुनी जीन्स कापून पिशवी शिवणाऱ्या ताई स्वतःला 'थ्रिफ्ट क्वीन' म्हणवतात. ताई, एका अख्ख्या शहराचं इंजिन सेकंडहँड आहे, बोला!

बाय द वे, यंत्रमागाचा बाप कोण, माहीत आहे का? एक धर्मगुरू! एडमंड कार्टराइट या इंग्रज पाद्रीबुवांनी १७८५ मध्ये पहिल्या यंत्रमागाचं पेटंट घेतलं, तेसुद्धा तोवर कुणाला माग चालवताना धड न पाहता. मग काय व्हायचं? ते यंत्र हलवायला दोन दणकट गडी लागायचे आणि तेही लवकरच दमायचे. आपल्याकडे १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला आणि त्या गावाचंही नशीब पालटलं.

स्वेटर आणि साडी, दोन्ही धाग्याचीच. मग फरक काय? साडीत हजारो ताण्यांमधून बाण्याचा धागा आडवा पळतो. स्वेटर मात्र एकाच धाग्याच्या कड्यांत कडी अडकवून बनतो. म्हणून तो ताणला जातो आणि म्हणूनच एक टोक ओढलं की सुर्रकन उसवतो. थोडक्यात, स्वेटर पुन्हा दोरा होऊ शकतो. साडीची मात्र चिंधीच होते. आणि चिंधीची? थांबा, येतेच आहे.

आधी स्वेटरचं सीक्रेट. जुन्या बाजारात स्वेटर घेताना जाणकार रंग नंतर बघतात, आधी तो उलटा करून शिवण बघतात. आतल्या कडेवर ओव्हरलॉकची जाळीदार शिलाई दिसली की स्वेटर खाली ठेवा! तो विणलेल्या कापडातून कात्रीने कापून शिवलेला आहे. उसवलात तर हातभर लांबीचे तुकडेच तुकडे हाती येतील. कडा सलग असतील, भाग टाक्यांनी जोडलेले असतील, तर लॉटरी. आधी शिवण सोडवायची, मग जिथे विणकाम संपलं तिथलं टोक शोधायचं आणि ओढायचं. निघालेला दोरा नूडल्ससारखा कुरळा असतो. घाबरायचं नाही. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली हलकं वजन अडकवून वाळत घालायची. कुरळे केस सरळ! तेही पार्लरशिवाय. आणि गरम पाण्यात पिळून आटलेला, नमद्यासारखा घट्ट झालेला स्वेटर? तो उसवत नाही. त्याचे कापून कोस्टर करा, चहाचा कप ठेवा.

आपल्या आज्या-मावशांना हे कुणी शिकवायला नको होतं. दादाचा स्वेटर आखूड झाला की उसवून धाकटीचा, धाकटीचा उसवून बाळाचं टोपडं. तीन भावंडं, एक लोकर. बाळाला वारशात इस्टेट नाही, पण गाठी भरपूर!

आता चिंधीची पाळी. कृष्णाच्या बोटाला लागलं, रक्त आलं. सुभद्रेच्या भरजरी महालात बांधायला एक चिंधी सापडेना, तेव्हा द्रौपदीने नेसूचा पीतांबर फाडला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. सुभद्रा मालेगावात राहत असती तर कथाच घडली नसती. इथे चिंधीला काय तोटा? गॅरेजवाला हाताचं ग्रीस कशाने पुसतो, कधी पाहिलंय? मागावरून निघालेल्या सुताच्या गुंत्याने!

आणि चिंध्यांची महाराणी म्हणजे गोधडी. वरखाली जुनं लुगडं, पोटात धोतरं, सदरे, फाटके परकर आणि वरून धावदोऱ्याचे टाके. डिझाइन? जे धडकं असेल ते! हेच आज ऑनलाइन 'व्हिंटेज हँडमेड क्विल्ट' म्हणून विकतात आणि आकडा असा लावतात की आजी घाबरून गोधडी कुलपात ठेवेल. आमचं मत विचाराल तर पैसे टाके घालणारीला मिळत असतील तर खुशाल लावा. मधल्याच्या खिशात जात असतील तर गोधडी घरचीच बरी.

थोडं दक्षिणेला सरकलं की उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी भेटते. आफ्रिकी वंशाच्या या समाजातल्या बायका कडेपासून आत आत तुकडे जोडत जातात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर छोटे तुकडे शिवतात. त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसली तर कवंदी उघडी, नागडी समजतात. पांघरुणालाच पांघरुणाची लाज, आहे की नाही भारी?

'ए जुने कपडेऽऽ' ही आरोळी आठवते? बोहारीण हे आपलं ओरिजिनल एक्सचेंज ऑफर काउंटर. दोन पँटी, एक साडी आणि वर बाबांचा जुना कोट. बदल्यात स्टीलचं पातेलं. घासाघीस मात्र शेअर बाजाराला लाजवेल अशी. गंमत म्हणजे आई जिंकली असं आईला वाटायचं आणि बोहारीण जिंकली असं बोहारणीला. या व्यवहारातले कपडे धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात जायचे. ॲपही नव्हतं, डिलिव्हरी चार्जही नव्हता.

विदेशी स्वेटर मरतात कुठे, माहीत आहे का? पानिपतात! नाही, लढाई नाही. जगभरातले टाकलेले लोकरी कपडे हरियाणातल्या पानिपतला येतात, बटणं-चेन कापल्या जातात, रंगवार ढीग लागतात, यंत्र त्यांचा चिवडा करतं आणि त्यातून नवा धागा, नव्या ब्लँकेटी. चिंध्यांपासून लोकर करायची ही युक्ती १८१३ च्या सुमारास इंग्लंडातल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ यांनी काढली.

आता जरा पिक्चर बघू. गोधडी कापडाचीच असते असं कुणी सांगितलं? मालेगावच्या शेख नासिर यांनी व्हिडिओची गोधडी शिवली. त्यांचं व्हिडिओ पार्लर होतं. परदेशी सिनेमांतले चटपटीत तुकडे उचलून, एकाला एक जोडून ते पब्लिकला दाखवायचे. मग वाटलं, तुकडे का जोडायचे, अख्खा पिक्चरच काढू! २००० साली आला 'मालेगाव के शोले'. बजेट? पन्नास हजारांच्या घरात. घोडे परवडेनात, म्हणून डाकू सायकलवर! मूळ 'शोले' १९७५ चा. त्यात जेवढा खर्च एखाद्या दुपारी उडत असेल तेवढ्यात इथे सिनेमा उरकला.

कॅमेऱ्याला क्रेन हवी? बैलगाडी आहे ना. तिचं पुढचं टोक वर-खाली करा, झाली क्रेन. ट्रॉली शॉट हवा? कॅमेरावाल्याला सायकलवर बसवा आणि ढकला. हा सगळा तमाशा फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात आहे. त्यात नासिर सुपरमॅनचा मालेगावी अवतार काढताना दिसतात. त्यांचा सुपरमॅन म्हणजे शफीक शेख. रोज यंत्रमागावर राबणारा, काडीसारखा बारीक माणूस हिरव्या पडद्यासमोर हात पसरून उडाला आणि जगभरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. २०११ मध्ये कॅन्सरने तो गेला. पुढे रीमा कागतींनी यावरच 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' काढला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो थिएटरांत लागला. बॉलिवूडची नक्कल मालेगावने केली आणि मग मालेगावची गोष्ट बॉलिवूडने केली. हिशेब फिट्टमफाट!

मालेगाव प्लास्टिकमध्येही मागे नाही. इथे भंगारातलं प्लास्टिक वितळवून पाइप करणारे कारखाने आहेत. पण वितळवायचं नसेल तर? विणा! कॅरीबॅगच्या आडव्या पट्ट्या कापायच्या, एकात एक कडी अडकवायची, लांबच लांब दोरी तयार. तिला 'प्लार्न' म्हणतात आणि जाड क्रोशाच्या सुईने तिच्या चटया विणतात. एका माणसाला झोपायला पुरेल अशा चटईत शेकडो पिशव्या जिरतात. राज्यात २०१८ पासून पातळ पिशव्यांवर बंदी आहे, पण तुमच्या ओट्याखालच्या पिशवीतल्या पिशव्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

टी-शर्टचंही तसंच. काखेखालचा भाग गोल गोल, सलग पट्टीत कापत जा आणि मग पट्टी ताणा. कडा आपोआप आत वळतात आणि गुबगुबीत दोरा मिळतो. निवडणुकीत फुकट मिळालेले टी-शर्ट यासाठी बेस्ट. सर्वपक्षीय पायपुसणं!

रेकॉर्ड हवेत? घ्या. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या बायकांनी जोडलेलं क्रोशाचं ब्लँकेट ११,१४८.५ चौरस मीटरचं होतं. धुवायचं कुणी, हे गिनेसने विचारलं नाही. ब्रिटनच्या एलिझाबेथ बाँड यांच्या विणायच्या सुया ४.४२ मीटर लांब. आणि गिनेसच्या नियमाने त्यांनी विणूनही दाखवलं. अमेरिकेचे डेव्हिड बॅबकॉक २०१३ मध्ये मॅरेथॉन धावता धावता मफलर विणत होते. फिनिश लाइनवर पोचले तेव्हा मफलर साडेतीन मीटरच्या वर गेला होता. आम्हाला जिना चढताना फोन घेता येत नाही.

आणि गणित? कॉर्नेल विद्यापीठाच्या डायना तायमिना यांना हायपरबोलिक पृष्ठभाग समजवायचा होता. कागदाचे नमुने फाटायचे. १९९७ मध्ये त्यांनी क्रोशाची सुई घेतली, ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्या आणि कोबीच्या पानासारखं झालरदार काहीतरी फुललं. जे आधी कागदावर मांडून लोक थकले होते ते मुलं हातात घेऊन चुरगाळू लागली. आजीच्या गोल रुमालाची कड अशीच उसळायची, तेव्हा आपण म्हणायचो, 'आज्जी, चुकलं!' चुकलं कसलं, भूमिती होती ती.

झाडांना, खांबांना, पुतळ्यांना लोकर गुंडाळायची 'यार्न बॉम्बिंग'ची लाट २००५ मध्ये ह्यूस्टनच्या माग्दा सायेग यांनी दुकानाच्या दाराच्या मुठीला कव्हर घातलं तिथून उसळली. दिसतं झकास. पण आपल्या पावसाळ्यात झाडाला स्वेटर घालू नका, प्लीज. चार महिने ओली लोकर, बुरशी आणि मुंग्या. झाडाला पेंग्विन समजण्यात अर्थ नाही.

अंतराळात भंगार बाजार असतो का? नसतो. तरी २०१३ मध्ये कॅरेन नायबर्ग या अंतराळवीर आईने स्पेस स्टेशनवर बसून लेकासाठी डायनासोर शिवला. कापड कुठलं? रशियन जेवणाच्या डब्यांचं अस्तर. पोटात कापूस? वापरलेल्या टी-शर्टच्या चिंध्या! पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर, पण टेक्निक थेट गोधडीचं.

जाता जाता मालेगावचा भुईकोट किल्ला. बांधणारे नारोशंकर राजेबहादूर, साल १७४०. याच नारोशंकरांनी नाशिकच्या पंचवटीत गोदाकाठी रामेश्वराचं देऊळ बांधलं आणि तिथे एक भलीमोठी घंटा टांगली. 'नारोशंकराची घंटा' म्हणून नाशिककर तिची शेखी मिरवतात. ती आली कुठून, माहीत आहे का? मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या विजयाची ती खूण; मूळची पोर्तुगीजांची. माल सेकंडहँड, आवाज फर्स्टक्लास!